मनोऱ्यावर एकट्याने चढायचं नाही

नुनापिक
२० ऑक्टोबर २०१३

आई,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर द्यायला इतका उशीर झाला, याची लाज वाटते. कागद होता, पेन होतं, वेळ तर पोत्याने पडला होता. पण रोज लिहायला बसलो की वाटायचं, आज सांगण्यासारखं काय घडलं? काहीच नाही. मग उद्या लिहू. असे सात आठवडे गेले. काहीच घडलं नाही हे चार पानं लिहिणं शिकलेल्या लोकांना जमतं. मी चौथीपर्यंत शिकलेला.

आता घडलं आहे. तिन्ही पवनचक्क्या फिरायला लागल्या. मागच्या हिवाळ्यात जमीन गोठलेली असताना पायाचे खांब ठोकले ते तू पाहिलंस, पण पाती चढवली तेव्हा तू अँकरेजला गेली होतीस. सगळं गाव फळ्यांच्या वाटेवर उभं होतं. आजवर आपण वाऱ्याला नुसत्या शिव्या दिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे त्याची वाट बघत होते, आणि तो यायला तयार नाही. तीन दिवसांनी आला.

वारा जोरात असला की दोन्ही डिझेल इंजिनं आपोआप थांबतात. थांबतात म्हणजे बिघडत नाहीत, हे चक्क्यांचं काम शिकून आलेल्या फेदोरने मला तीनदा समजावलं. तरी मी जाऊन बघून येतो. एकतीस वर्षं त्या वीजघरात काढली. कान तिथेच ठेवून आलो, म्हणून तर मला फोन कळत नाही आणि तुला माझं हे अक्षर लावत बसावं लागतं. पण इंजिनांचा आवाज मला पायांतून कळायचा. घराच्या जमिनीतून कळायचा, चहाच्या कपातून कळायचा. आता दुपारी कपातला चहा हलत नाही. मी कपाकडे बघत बसतो.

चक्क्यांची उरलेली वीज म्हाताऱ्यांच्या घरी विटांच्या शेगड्यांमध्ये साठवतात. एक माझ्याकडे बसवली. आत जाळ दिसत नाही. हात लावून बघावं लागतं. दिवसातून वीसदा तरी बघत असेन. पूर्वी माझं तेल संपत आलं की कोणीतरी डबा घेऊन यायचं, बसायचं, दोन मासे खायचं. आता कोणी येत नाही. कशाला येतील? मी गरम आहे.

ओलिंका ग्रामसभेची प्रमुख झाल्यापासून तिच्या तोंडाला आणखी धार आली आहे. सगळ्यांदेखत, मला ओठ दिसतील अशी तोंड करून म्हणाली, "हे एक वाळकं लाकूड तापवायला गावाने तीन चक्क्या लावल्या." मी म्हणालो, "तुझ्या जिभेला तारा जोडल्या असत्या तर वाऱ्याचीसुद्धा गरज पडली नसती." आतेबहीण आहे. तिने टोमणे मारायचे आणि मी परत करायचे, तेवढंच बोलणं होतं कधीकधी आठवड्यात.

तुम्हाला चक्क्यांचं काम शिकवणाऱ्या कार्यालयातून एक बाई आल्या होत्या. वर्षभर चक्क्या बाहेरच्या कंपनीची माणसं सांभाळणार. पुढे आपल्या गावची दोन शिकलेली माणसं असतील तरच चक्क्या गावाच्या हाती येणार, नाहीतर किल्ल्या कंपनीकडेच. एक फेदोर आहे. दुसऱ्या जागेसमोर तुझं नाव आहे. तुझ्या घरचा माणूस म्हणून मला त्याबद्दल विचारत होत्या. मी बरोबर उत्तरं दिली. काळजी करू नकोस.

सीलच्या कातड्याचे हातमोजे पाठवतो आहे. माझी आई गेली आणि चाळिसाव्या दिवशी तू जन्मलीस. तिचं नाव तुला दिलं तेव्हापासून तू माझी आई. तिचे हात नेहमी गार असायचे. तू हातमोजे घातलेस की मला बरं वाटेल. सोबत सुकवलेली हेरिंग मासळी आणि सीलच्या तेलाची बरणी आहे. झाकणाला पाच वेढे चिकटपट्टी लावली आहे. तरी गळेल का?

झाखर


अँकरेज
६ नोव्हेंबर २०१३

लेका झाखर,

गळलं. हातमोजे वाचले, हेरिंग वाचली, पण पोस्टातल्या माणसाने ते खोकं दोन बोटांनी धरून माझ्यासमोर ठेवलं आणि खिडकी उघडली. मी खोलीत आणल्यावर दलीलाने, म्हणजे माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीने, सगळ्या खिडक्या उघडल्या. मी मात्र खोक्याचा पुठ्ठा दोन दिवस टाकला नाही. खाटेखाली ठेवला. का ते सांगत नाही.

दलीलाने पत्रावर "आई" वाचलं आणि विचारलं, "तुला मुलगा आहे?" म्हटलं, आहे. "केवढा?" म्हटलं, चौऱ्याहत्तर वर्षांचा, कान गेले आहेत, हट्टी आहे. मग नावाचं सगळं समजावून सांगावं लागलं. ती म्हणाली, "म्हणजे तू जन्मलीस तेव्हाच तुझी वाट बघणारं कोणीतरी होतं." 

इथे सरावाचा मनोरा आहे, आपल्या चक्कीएवढाच उंच. मी चौदा वेळा चढले. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोराला कडी, आणि प्रत्येक कडी जोडीदाराने तपासायची. पहिल्या दिवशी पहिला नियम पाठ करून घेतला: मनोऱ्यावर एकट्याने चढायचं नाही. माझा जोडीदार घाबरला की गाणं म्हणतो. फार वाईट म्हणतो.

बाकी बरं आहे. इथे कोणी कोणाच्या घरी न सांगता जात नाही. परवा दुकानात आपल्या बाजूची एक म्हातारी दिसली. मी तिच्या मागेमागे सगळं दुकान फिरले. गाव कोणतं ते विचारलं नाही. ती काय घेते एवढंच बघत राहिले. मग ती गेली.

त्या बाई माझ्याबद्दल काय विचारत होत्या? तू काय म्हणालास? सहज विचारते.

तुझी आई,
आर्नाक


नुनापिक
२५ नोव्हेंबर २०१३

आई,

तू विचारलंस म्हणून सगळं नीट लिहितो.

त्या बाई माझ्या टेबलाशी बसल्या. भली बाई. बूट काढून आत आली. मी चहा दिला, मासा दिला, मासा तिने खाल्ला. मग कागद काढला. बोलणं कळत नव्हतं म्हणून ती एकेक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून दाखवत होती. पहिला प्रश्न: शिक्षण संपल्यावर आर्नाक गावात परत येईल का? मी म्हणालो, "तिच्या मनातलं मी कसं सांगू?" दुसरा: ती दोन वर्षं तरी हे काम करील असं तुम्हाला वाटतं का? मी म्हणालो, "ते तिचं तिला ठाऊक." तिसरा: गावाला ती या कामावर हवी आहे का? मी जरा वेळ खाली बघत राहिलो. मग म्हणालो, "तिची मर्जी."

तिने आणखी एकदा तोच प्रश्न दाखवला. ऐकू कमी येतं म्हणून समजलं नसेल, असं तिला वाटलं असेल. मी पुन्हा तेच म्हणालो.

दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलू नये, ज्याचं मन त्याच्याजवळ राहू द्यावं, हे मला लहानपणी तूच शिकवलंस, म्हणजे ती पहिली आर्नाक. त्या बाईपुढे मी तुझ्यावर एक शब्दाचं ओझं टाकलं नाही. याचं मला समाधान आहे. जाताना मी तिला बांधून मासे दिले.

दोन नंबरची चक्की मध्ये थांबली होती. पात्यांवर बर्फ धरला. फेदोर शिकलेला आहे, पण एकट्याने चढायचं नाही, तुझा तो पहिला नियम. कंपनीची माणसं यायला नऊ दिवस लागले, आल्यावर त्यांचं काम दोन तासांचं. त्या नऊ दिवसांत फेदोर खाली उभा राहून वर बघायचा. मी त्याला म्हणालो, "मी येतो जोडीला, खालून कडी तपासतो." तो हसला नाही. "काका, तुम्ही बर्फात दोनदा पडलात या महिन्यात," म्हणाला. त्याच्या तीन पोरांनी मला हाताला धरून घरी पोचवलं. दारातूनच परत गेली.

वाफेच्या न्हाणीघरात आम्ही पाच जण बसायचो. एकेकजण गेला. आता मी एकटाच लाकडं टाकतो, एकटाच तापल्या दगडांवर पाणी मारतो, आणि जास्त गरम झालं तर आधी कोण उठणार यावर पैज लावायला कोणी नाही.

ते असो. तुला तिकडे बरं वाटत असेल तर तेच बरं. इथे काही अडलेलं नाही.

झाखर


नुनापिक
९ जानेवारी २०१४

आई,

तुझं पत्र नाही. बर्फवादळ नव्हतं, विमान चार वेळा येऊन गेलं, म्हणजे ते कारण नाही. मी काही चुकीचं लिहिलं का? की आजारी आहेस? ओलिंका म्हणते, "शहरात पोरगी मजेत असेल, तुझी रडगाणी वाचायला वेळ कुठला?" ती चिडवायला म्हणते, पण मला ते दिवसभर पुरतं.

आपल्या सात जानेवारीच्या नाताळची चांदणी घेऊन लोक घरोघर फिरले, माझ्याकडेही आले. आत जागा नव्हती, लोक दारात उभे होते. गाणी म्हटली. मला ऐकू आली नाहीत, पण तोंडं दिसत होती. मी सगळ्यांना सूप दिलं, पोरांना मोजे वाटले. दोन तास घर भरलं होतं. मग ते पुढच्या घरी गेले. मी वाट्या धुतल्या. तेहेतीस होत्या. सावकाश धुतल्या.

दोन ओळी लिही.

झाखर


अँकरेज
१८ जानेवारी २०१४

लेका झाखर,

आजारी नव्हते. काय लिहावं ते कळत नव्हतं.

डिसेंबरमध्ये मला कार्यालयात बोलावलं. माझा कागद समोर ठेवला. ज्या गावांनी माणसं शिकायला पाठवली त्या प्रत्येक गावाचं म्हणणं त्यात लिहिलं आहे. इतरांच्या रकान्यांत चार चार ओळी होत्या. "आम्हाला तो हवा, घर तयार आहे, आम्ही वाट बघतो." माझ्या रकान्यात लिहिलं होतं: गावाने मागणी केलेली नाही. दोनदा विचारलं.

त्या बाई वाईट नाहीत. मी त्यांना समजावून सांगितलं असतं. हे आमच्याकडे असंच बोलतात, याचा अर्थ तसा होत नाही, असं मी म्हणू शकले असते. पण मग माझ्याच मनात आलं, मला तरी नक्की ठाऊक आहे का? पाच महिने झाले. तुझ्या पत्रात वाऱ्याबद्दल आहे, शेगडीबद्दल आहे, चहाच्या कपाबद्दल आहे. ये असं कुठेही नाही. शेवटच्या पत्रात लिहिलंस, इथे काही अडलेलं नाही. मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. वडील त्यांच्या नव्या बायकोच्या गावी गेल्यापासून नुनापिकमध्ये माझं असं घर नाही. फक्त तुझं आहे.

मागणी नसलेल्यांना ते दुसरीकडे लावून देतात. टेक्ससमध्ये चक्क्यांचं मोठं रान आहे, शेकडो चक्क्या, तिथे मला मार्चपासून काम मिळतंय. राहायला खोली देतात. दलीला म्हणते, हिवाळ्यात तिथे कोट लागत नाही. पंधरा फेब्रुवारीच्या आत हो किंवा नाही सांगायचं आहे. गावाकडून आता काही कागद आला तरी माझा शब्द लागेल.

रागावून लिहीत नाही. लेकावर कोणी रागावतं का? हातमोजे रोज घालते.

आर्नाक


नुनापिक
३ फेब्रुवारी २०१४

आई,

तुझं पत्र परवा आलं. सहा दिवस धुकं होतं, विमान वरून घिरट्या घालून परत जायचं. मी रोज धावपट्टीवर होतो.

वाचलं आणि तसाच ग्रामसभेच्या कचेरीत गेलो. कोट उलटा घातला होता, ते ओलिंकाने आधी सांगितलं. मग तिने पत्र वाचलं. "काय सांगितलंस तू त्या बाईला?" हाताच्या खुणा करून विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. तिने ते पत्र गुंडाळून माझ्या डोक्यात मारलं. "मूर्खा! अरे मूर्खा!" मग ती खाली बसली. तिने पाटीवर लिहून दाखवलं, "मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं."  टोमणा आम्हा दोघा म्हाताऱ्यांपैकी कोणालाच सुचला नाही.

तिने रेडिओवरून सगळ्या घरांना बोलावलं. शाळेच्या मोठ्या खोलीत गाव जमलं. तिने काय झालं ते सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. सभेत मी आयुष्यात दोनदा बोललो आहे, दोन्ही वेळा इंजिनाच्या तेलाबद्दल.  मी म्हणालो, "मला आर्नाक इथे हवी आहे."

एवढंच म्हणालो. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून फार मोठ्याने बोललो असेन, कारण पुढची पोरं दचकली. मग सगळे हसताना दिसले. ओलिंका काहीतरी म्हणाली होती. फेदोरने नंतर मला लिहून दिलं: "चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला, पण आईचा पदर सुटत नाही याला." हसू दे. मी बसलो नाही.

मग फेदोरची बायको उठली. तिने सांगितलं, आणि ओलिंकाने ते मला पाटीवर लिहून दाखवलं, की नोव्हेंबरमध्ये ते नऊ दिवस चक्की बंद होती तेव्हा फेदोर एकदा एकटाच चढला होता. तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. ती खाली उभी होती, पोटुशी. ती म्हणाली, "मला आर्नाक हवी आहे." मग तिच्या मागची म्हातारी उठली. मग सगळीकडून माणसं उठली. जी माणसं दुसऱ्याच्या ताटाकडे बघतसुद्धा नाहीत, ती भर सभेत मला हवी, मला हवी म्हणत होती. मला ओठांवरून कळत होतं. पुष्कळांनी मान खाली घालूनच म्हटलं. लाज वाटत होती त्यांना. तरी म्हटलं.

गावाचा कागद ओलिंकाने त्याच दिवशी फॅक्स मशीनवरून अँकरेजला पाठवला. पोचल्याचं तिकडून कळलं. तुझी जागा अजून दुसऱ्या कोणाला दिलेली नाही, पण तुझा शब्द लागेल म्हणाले.

तो गावाचा कागद. हा माझा.

दोन दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलू नये हे बरोबर आहे. ते मी अजूनही मोडणार नाही. पण स्वतःच्या मनाबद्दल बोलू नये असं मला कोणीही शिकवलं नव्हतं. ते मी आपलं आपणच धरून बसलो. त्या बाईने तिसरा प्रश्न विचारला तेव्हा मी खाली बघत होतो, ते तुझ्या मानासाठी नव्हतं. मला भीती वाटली. मी हो म्हणालो आणि तू आली नाहीस, तर मी मागितलं होतं हे सगळ्या गावाला माहीत झालं असतं. तुला लिहिलं तेव्हाही तेच. इथे काही अडलेलं नाही हे खोटं होतं. चक्क्या अडल्या आहेत. फेदोर अडला आहे. आणि मी सकाळी उठून दोन कपांत चहा ओततो आणि दुसऱ्यातला पुन्हा किटलीत टाकतो.

घरातली खिडकीजवळची खोली रिकामी केली आहे. तिथे जुने सुटे भाग होते, ते ओसरीत टाकले. तुझ्यावर ओझं नको म्हणून हे लिहू नये असं वाटतं, पण आता न लिहिण्याचा मला कंटाळा आला आहे. मला वाटतं तू यावंस. टेक्ससमध्ये कोट लागत नाही हे खरं असेल. तिथे जाशील तर मी हातमोज्यांऐवजी टोपी पाठवीन, उन्हासाठी. रागावणार नाही. लेक आईवर रागावतो, पण थोडाच वेळ.

हे शेवटचं धावपट्टीवर उभ्यानेच लिहितो आहे, वैमानिक हात करतो आहे. म्हणतो, वारा वाढतो आहे, लवकर दे. मी त्याला थांबवून ठेवलं आहे, तो चिडला आहे.

लवकर कळव. येणार असशील तर तसं लिही, नसशील तर तेही लिही, पण लिही. नुसती गप्प राहू नकोस. कोणी गप्प राहिलं की मी आजवर माझ्या सोयीचा अर्थ लावत आलो आहे, आणि या वेळी चुकीचा लागला तर तो सुधारायला माझ्याकडे फार हिवाळे उरलेले नाहीत. पंधरा तारखेच्या आत, दोन शब्द का होईना, कळव.

तुझा,
झाखर